फॅटी लिव्हरवर ‘घरबसल्या’ संशोधन : मोबाईलवर ‘हो’ म्हणण्याआधी काय पाहायचं?

‘तुम्हाला फॅटी लिव्हर आहे का? घरबसल्या संशोधनात सहभागी व्हा, तपासण्या मोफत.’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की कुणी लगेच लिंक दाबून नाव टाकतं, तर कुणी ‘आपल्यावर प्रयोग करायला निघालेत’ म्हणून मेसेज उडवून टाकतं. दोन्हीत घाई होते. असं संशोधन खरं असू शकतं, कायद्यात बसतं आणि गावात राहूनही त्यात भाग घेता येतो. पण ‘घरबसल्या’चा अर्थ ‘तुमचं तुम्ही बघा’ असा कुणी लावत असेल, तर तिथंच थांबायचं. रात्री दोन वाजता उलटीत रक्त आलं तर फोन कुणाला करायचा आणि दवाखान्याचं बिल कोण भरणार, याचं उत्तर सही करायच्या आधी कागदावर दिसलं पाहिजे. बाकीचे प्रश्न त्याच्यानंतर.

आधी आपला आजार कुठवर आला आहे ते बघा

पोटात दुखतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून आलं, असं आता घरोघरी ऐकायला मिळतं. लिव्हर म्हणजे यकृतात चरबी साठणं. शुगर, सुटलेलं पोट, वाढलेलं वजन आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं. दारूमुळे नव्हे तर शुगर-वजनामुळे होणाऱ्या प्रकाराला २०२३ पासून डॉक्टर मंडळी ‘मॅसल्ड’ असं नवीन नाव वापरतात. संशोधनाच्या कागदावर हे नाव दिसलं तर गोंधळू नका, आजार तोच.

सोनोग्राफीतला ग्रेड चरबी किती आहे ते सांगतो. लिव्हर किती घट्ट झालं, त्यावर वण किती पडले, हे तो सांगत नाही. खरा धोका त्या वणांचा असतो. ते वाढत गेले की सिरॉसिस होतो, आणि तिथवर जायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं लागतात. तोवर दुखत काहीच नाही.

याचा प्राथमिक अंदाज घ्यायला ‘फिब-४’ नावाचा एक हिशोब आहे. तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरही होतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, या आकड्याने. प्लेटलेट हजारात धरायच्या, म्हणजे दीड लाख असतील तर १५०. समजा वय ५०, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४. वर ५० गुणिले ४८ म्हणजे २४००. खाली १५० गुणिले ८ म्हणजे १२००. उत्तर २. साधारण १.३ च्या खाली असेल तर वण जास्त असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर शक्यता जास्त, मधलं असेल तर पुढची तपासणी हवी. पासष्टीच्या पुढच्या माणसांना १.३ च्या जागी २ धरतात. या आकड्यावरून स्वतः औषध ठरवायचं नाही. तो डॉक्टरांना दाखवायचा आणि विचारायचं, एवढंच. पुष्कळ संशोधनांत माणूस घ्यायचा की नाही, याची पहिली चाळण हीच असते.

हा आजार सावकाश चालतो म्हणून माणसांवर वर्षभर, कधी त्याहून जास्त लक्ष ठेवावं लागतं. दर महिन्याला एसटीने शहर गाठणं कुणाला जमणार? म्हणून काही भाग फोनवर, काही भाग गावाजवळच्या लॅबमध्ये अशी पद्धत पुढे आली. कोरोनाच्या काळात तिला वेग आला. आपल्याकडे २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि फोनवरून डॉक्टरांनी रुग्णाला सल्ला कसा द्यायचा, याची चौकट ठरली.

औषधांचं म्हणाल तर फार पर्याय अजून नाहीत. भारतात मार्च २०२० मध्ये सारोग्लिटाझार या देशी औषधाला फॅटी लिव्हरच्या सूज असलेल्या प्रकारासाठी मंजुरी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना या आजारासाठी परवानगी मिळाली. ही सगळी औषधं माणसांवरच्या चाचण्यांतूनच आली. कुणीतरी त्यात भाग घेतला म्हणून ती बाजारात दिसतात, हेही खरंच.

घरी काय होतं आणि कुठं जावंच लागतं

‘संशोधन’ हा एकच शब्द असला तरी त्याखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. काहींमध्ये औषधच नसतं. नुसती माहिती विचारतात, जुने रिपोर्ट मागतात, दर सहा महिन्यांनी फोन करतात. याला रजिस्ट्री म्हणतात. काहींमध्ये खाणं आणि चालणं यांचा अभ्यास असतो. रोज किती पावलं चाललात, भाकरी किती, भात किती, वजन किती. हे दोन्ही प्रकार बऱ्यापैकी घरून होतात आणि यात शरीराला धोका कमी असतो. इथं सांभाळायची असते ती माहिती. तुमचा रिपोर्ट कुणाकडे जातो आणि नाव लपवलं जातं का, ते विचारा.

तिसरा प्रकार नव्या औषधाचा. तो शंभर टक्के घरबसल्या होईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीची तपासणी प्रत्यक्ष डॉक्टरांनीच करायला हवी. फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हरचा घट्टपणा मोजणारं मशीन, ते तालुक्याला क्वचितच असतं. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, दुखत नाही, आधी साधारण तीन तास काही खायचं नसतं. काही औषधांच्या चाचण्यांत बायोप्सी लागते, म्हणजे बरगड्यांच्या मधून सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढतात. ती मोठ्या दवाखान्यातच होते. त्यात रक्तस्राव व्हायचा थोडा धोका असतो आणि नंतर काही तास झोपून राहावं लागतं. अशा दिवशी एकट्याने जायचं नाही.

मधल्या काळात मात्र डॉक्टर व्हिडिओ कॉलवर बोलू शकतात, रक्त जवळच्या लॅबमध्ये देता येतं, गोळ्या पोस्टाने येऊ शकतात. इथं गावाकडच्या अडचणी सुरू होतात आणि शहरात बसून कागद तयार करणाऱ्यांना त्या सुचत नाहीत, म्हणून आपणच सांगायच्या. कुरिअर वस्तीपर्यंत येत नाही. औषध इंजेक्शनचं असेल तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागू शकतं, आणि लोडशेडिंगमध्ये फ्रीज किती तास बंद असतो ते तुम्हालाच ठाऊक. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर लॅब सकाळी किती वाजता उघडते? घरात मोबाईल एकच आणि तो मुलगा कॉलेजला घेऊन जातो, मग डॉक्टरांचा फोन कुणी उचलायचा? रिपोर्टचे मेसेज घरातल्या सगळ्यांनी वाचलेले चालणार आहेत का? बाईमाणसाच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न विशेष विचार करण्यासारखा आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर आधीच सांगून टाकावं की दिवाळीनंतर पाच-सहा महिने आपण गावात नसतो. वारीला जाणारे असाल तर तेही. तारखा चुकल्या तर तुम्हाला मध्येच काढावं लागतं आणि तोवरची मेहनत जाते, तुमचीही आणि त्यांचीही.

खरं संशोधन ओळखायचं कसं

भारतात औषधाची चाचणी पहिला माणूस घेण्याच्या आधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, सुरू केली. औषधाच्या चाचण्यांसाठी जून २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदणीचा नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. बोलावणाऱ्याला सरळ म्हणायचं, ‘नंबर पाठवा.’ मग मोबाईलवर सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन उघडून तो शोधायचा. पान इंग्रजीत असतं, म्हणून शाळेतले गुरुजी, उपकेंद्रातले सीएचओ किंवा कॉलेजात शिकणारी पुतणी यांना सोबत बसवा. त्यात दवाखान्यांची नावं, मुख्य डॉक्टरांचं नाव, नीतिमत्ता समितीने मान्यता दिली की नाही, आणि तुलनेसाठी काय देणार, हे सगळं लिहिलेलं असतं. निरोपातलं नाव आणि पानावरचं नाव जुळलं पाहिजे. नोंद आहे म्हणजे औषध गुणकारी आहे असं मात्र नाही. ते गुणकारी आहे का, हेच तर तपासायचं असतं.

नीतिमत्ता समिती म्हणजे एथिक्स कमिटी. २०१९ च्या ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमां’नुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात. त्यातले निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात, आणि एक सामान्य नागरिक व एक महिला असावीच लागते. दवाखान्याची स्वतःची समिती नसेल तर दुसरी समिती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली हवी. यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. औषधाची चाचणी फोनवरून चालली तरी तिच्या मागे एक प्रत्यक्ष दवाखाना असतोच. तो कोणता आणि आपल्या गावापासून किती लांब, हे पहिल्याच फोनला विचारा. समोरचा दवाखान्याचं नावच सांगेना, तर फोन ठेवून द्या.

नोंदणी फी, कुरिअरचे पैसे, औषधाची ‘सवलतीतली’ किंमत असं काही मागितलं तर ते संशोधन नव्हे, धंदा आहे किंवा फसवणूक आहे. चाचणीचं औषध विकत घ्यायचं नसतं. ओटीपी आणि एटीएमचा पिन तर कुणालाच द्यायचा नाही. प्रवासखर्च किंवा बुडालेला रोज द्यायला बँक खात्याचा नंबर लागू शकतो, पण तो सही झाल्यानंतर, दवाखान्यात, कागदावर. आणि प्रवासखर्चाच्या पलीकडे फार मोठी रक्कम दाखवून कुणी बोलावत असेल तर तेही खटकलं पाहिजे. पैशाच्या मोहाने माणूस धोका विसरू नये, म्हणून नीतिमत्ता समितीने ती रक्कमही तपासायची असते.

सही कशावर करतोय?

संमतीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. मराठी मागा. घरी नेऊन वाचा, चार दिवस घ्या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार सगळं समजावून सांगताना हजर असावा लागतो. साक्षीदाराचं काम एवढंच, की माणसाला खरंच समजलं का ते पाहणं. तुमच्या वतीने सरपंच, मुकादम, गुरुजी कुणीही ‘हो’ म्हणू शकत नाही. हे सांगायला कारण आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम भागात मुलींना लस देण्याचा एक प्रकल्प झाला, तेव्हा वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी ‘स्वास्थ्य अधिकार मंच’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने चाचणीची संमती घेतानाचं चित्रीकरण करायला सांगितलं. आता २०१९ च्या नियमांत ते असं आहे : अगदी नव्या रेणूचं औषध असेल आणि भाग घेणारा सहज दबावाखाली येऊ शकणारा असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावंच लागतं. तेव्हा समोर कॅमेरा लावला म्हणून घाबरायचं कारण नाही. ते तुमच्याच बाजूचं आहे.

कागदावर तुमचा व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. ‘वारस कशाला? मरायला बोलावलंय का?’ असं वाटणं साहजिक आहे. पण तो रकाना नियमातच आहे. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, हे त्यावरून ठरतं. भरपाईच्या सूत्रात ८ लाख रुपये हा पायाभूत आकडा धरतात आणि वय व आधीच्या आजाराचा धोका पाहून तो वर-खाली होतो. रकाना कोरा सोडू नका, नाव नीट लिहा. आधार कार्डावर आहे तसंच.

सही केलेल्या कागदाची एक प्रत आणि माहितीपत्रक तुमच्या हातात मिळालं पाहिजे. ‘ॲपमध्ये आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, मोबाईल पाण्यात पडला की संपलं. फक्त ओटीपी दिला की संमती झाली, असं सांगणाऱ्याचंही ऐकू नका. संमती लेखी लागते.

साखरेची गोळी

बऱ्याच चाचण्यांत निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात. कुणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. पुष्कळदा डॉक्टरांनाही ते ठाऊक नसतं. म्हणजे वर्षभर नेमाने गोळी घेतली आणि ती रिकामी होती, असं होऊ शकतं. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल नकार द्यावा.

पण एक गंमत आहे. रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकीही काहींचं लिव्हर सुधारतं. कुणीतरी दर महिन्याला वजन विचारतंय म्हटल्यावर माणूस खाण्याकडे बघतो, चालायला लागतो. फॅटी लिव्हरमध्ये वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूज कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. ८० किलोच्या माणसाला साधारण ६ ते ८ किलो. त्याला चाचणीची गरज नाही.

दुसरी गोष्ट, चालू उपचार सोडायचे नाहीत. हिपॅटायटिस बी असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. ती गोळी मध्येच बंद केली तर आजार उसळून लिव्हर एकदम बिघडू शकतं. ‘आमच्या अभ्यासासाठी आधीची औषधं थांबवा’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका.

दारू आणि काढा, दोन्ही सांगा

फोनवर प्रश्न येतो, ‘दारू घेता का?’ बायको शेजारी बसलेली. उत्तर ठरलेलं : ‘नाही, कधीतरी.’ इथंच घोटाळा होतो. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. मॅसल्डच्या अभ्यासात पुरुषांसाठी दिवसाला ३० आणि बायकांसाठी २० ग्रॅमच्या आत अशी मर्यादा धरतात. म्हणजे रोजची एक क्वार्टर दुप्पट झाली. खोटं सांगून आत शिरलात तर लिव्हर बिघडल्यावर ते औषधाने की दारूने, हे कुणालाच कळणार नाही, आणि भरपाईच्या वेळी तुमचीच बाजू पडेल.

काढ्याचंही तसंच. झाडपाला म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय मासिकात छापली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काही असो, गुळवेल, कावीळीचं गावठी औषध, बाजारातली वजन घटवायची पावडर, यातलं जे घेत असाल ते नावासकट सांगा. लाज बाळगू नका.

ॲपची वाट बघू नका

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं, बोलण्यात भ्रम होणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण. यातलं काहीही दिसलं तर ॲपमध्ये टाइप करत बसायचं नाही. रक्त किंवा भ्रम असेल तर थेट १०८ ला फोन आणि जवळचं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. चाचणीचा कागद आणि गोळ्यांची बाटली सोबत घ्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कळेल तुम्ही काय घेताय. संशोधनाच्या डॉक्टरांना त्यानंतर कळवा. मृत्यू, दवाखान्यात भरती करावं लागणं अशी गंभीर घटना त्यांनी २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि नीतिमत्ता समितीला कळवायची असते.

चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. गरज असेल तोवर, किंवा इजा चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी. टाळाटाळ होत असेल तर माहितीपत्रकावर नीतिमत्ता समितीचा पत्ता-फोन असतो, तिथे लेखी तक्रार द्या. केंद्रीय औषध नियंत्रकांचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे, तिथंही पाठवता येते. म्हणून गावातल्या दवाखान्याची साधी चिठ्ठीसुद्धा फेकू नका. तारीख, वेळ, कुणाशी बोललो, हे वहीत लिहीत चला.

मध्येच सोडायचं झालं तर

केव्हाही सोडता येतं. कारण सांगायची सक्ती नाही, दंड नाही, आणि त्यामुळे दवाखान्यातला तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. मात्र गोळ्या गुपचूप बंद करून फोन उचलायचा नाही, हा मार्ग बरा नव्हे. सरळ कळवा. शेवटची रक्ततपासणी करून घ्या, औषधाचा लिव्हरवर परिणाम राहिला असेल तर तो तिथं दिसतो. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला ‘तुलाही लिव्हरचं आहे ना’ म्हणून देऊ नका, मोजून परत करा.

संशोधन संपलं की तुम्हाला खरं औषध मिळालं होतं की रिकामी गोळी, हे विचारा. ते लगेच कळत नाही. सगळ्यांचा हिशोब पुरा व्हावा लागतो आणि त्याला बराच वेळ जातो. औषध लागू पडलं असेल तर पुढे ते मिळणार का, हे मात्र शेवटी नव्हे, सही करतानाच विचारून ठेवायचं. आणि सीटीआरआयचा तो नंबर जपून ठेवा. त्या पानावर चाचणी पूर्ण झाली की मध्येच बंद पडली, हे पुढेही बघता येतं.